आजीचं माहेरचं नाव: घरची वंशावळ आणि आजीचं चरित्र कसं लिहावं

आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरात एक वंशावळ होती. आजोबांच्या थोरल्या भावाने फुलस्केप कागद खळीने एकमेकांना चिकटवून केलेली. सातारा भागातून बडोद्याला पहिल्यांदा कोण आलं, त्याला मुलगे किती, त्या मुलग्यांना मुलगे किती, अशा नऊ पिढ्या. मी दहावीत असताना ती पहिल्यांदा नीट वाचली आणि आजीला विचारलं, "यात तू कुठंय?" ती गहू निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "मी नाही त्यात. तुझे आजोबा आहेत की."

आजी गेल्यावर ते उत्तर मला फार दिवस झोपू देईना. ज्या बाईने त्या घरातल्या तीन पिढ्यांना जेवू घातलं, तिचं नाव त्या घराच्या कागदावर नाही. शोधायला लागलो तेव्हा कळलं, की तिचं माहेरचं नाव माझ्या वडिलांनाही खात्रीने माहीत नव्हतं.

पुढची तीन वर्षं जे शिकलो ते इथे सांगतो आहे. माझा आग्रह एकच आहे. वंशावळ मूळ पुरुषापासून खाली लिहायला घेतली की बायका गळतात. म्हणून ती आजीपासून वर आणि बाजूला लिहायला घ्या. तिच्यामागे दोन घरं उभी आहेत, सासरचं आणि माहेरचं, आणि त्यातलं दुसरं घर तुमच्या हातून निसटायच्या बेतात आहे.

आधी स्वतःची वही

कुणालाही फोन करायच्या आधी एक वही घ्या आणि तुम्हाला आजीबद्दल जे आठवतं ते एका बैठकीत लिहून काढा. ती कुठल्या बाजूला झोपायची, औषधाच्या गोळ्या कशात ठेवायची, कुणाचं नाव निघालं की गप्प व्हायची. वर तारीख घाला. हे आधी करायचं कारण असं, की दहा जणांशी बोलून झाल्यावर त्यांच्या आठवणी तुमच्या आठवणींवर चढतात आणि तुम्ही स्वतः काय पाहिलं होतं ते वेगळं काढता येत नाही. माझी ही वही सतरा पानांची झाली. पुढे त्यातल्या निम्म्या गोष्टी चुकीच्या ठरल्या, पण कुठल्या चुकीच्या ते त्या वहीमुळेच कळलं.

एका बाईची पाच नावं

आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहितात. वंशावळ शोधणाऱ्याचं निम्मं काम त्या ताटातून सुरू होतं. समजा, मुलगी माहेरची कुसुम, सासरची सरस्वती. शाळेच्या दाखल्यात कुसुम. रेशनकार्डावर सरस्वतीबेन, कारण लिहिणारा कारकून गुजराती. मतदारयादीत आडनावाचं स्पेलिंग निराळं. आणि घरात सगळे तिला जिजी म्हणणार. पाच नावं, बाई एकच. हे ध्यानात न घेता शोधलं तर एकीच्या दोन बायका होतात, नाहीतर दोघींची एक.

म्हणून प्रत्येक बाईसाठी वेगळं पोस्टकार्डाएवढं कार्ड करा. माहेरचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, माहेरचं आडनाव आणि गाव, सासरचं नाव, हाक मारायचं नाव, कागदोपत्री सापडलेली बाकीची रूपं. प्रत्येक ओळीपुढे ही माहिती कुणी दिली किंवा कुठल्या कागदावर मिळाली ते लिहा. माहिती नसेल तिथे जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. कोरी जागा डोळ्यांत खुपत राहते आणि त्यामुळेच ती कधीतरी भरली जाते.

कुणाला विचारायचं आणि कसं

आपण सवयीने घरातल्या मोठ्या काकांकडे जातो. त्यांच्याकडून जमिनी, नोकऱ्या आणि भांडणं कळतात. आजीबद्दल विचारायचं तर तिची बहीण, तिची भावजय, तिची जाऊ आणि तिची शेजारीण यांच्याकडे जा. आमच्या पोळीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, गुजराती काकींनी मला जे सांगितलं ते घरातल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं, कारण आजी दुपारी त्यांच्या हिंचक्यावर जाऊन बसायची आणि मनातलं तिथे बोलायची. वयाने सर्वांत मोठं जे माणूस असेल त्याच्याकडे पहिल्यांदा जा. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

सकाळचा चहा झाल्यावरची वेळ चांगली. पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका, थकवा येतो. मोबाइलवर रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा, हो म्हणाल्या तर मोबाइल गादीवर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. पंखा बंद करता आला तर करा, कुकर लावलेला असेल तर शिट्ट्या होईपर्यंत थांबा. सुरुवातीला आवाजात तारीख, जागा आणि कोण बोलतंय ते सांगा. घरी आलात की त्याच रात्री त्या रेकॉर्डिंगला नाव द्या.

"तुझा जन्म कुठल्या सालचा?" असं विचारलं की म्हाताऱ्या माणसांचं बोलणं आटतं. सालाऐवजी प्रसंग विचारा. आमच्या बडोद्यात त्यासाठी चांगल्या खुणा आहेत. १९२७ चा महापूर आठवतो का, की फक्त ऐकलाय? १९३६ च्या सुरुवातीला सयाजीराव महाराजांचा हीरक महोत्सव झाला, तेव्हा चालता येत होतं का? महाराज ६ फेब्रुवारी १९३९ ला गेले, तेव्हा शाळेत कितवीत होतीस? १९४९ च्या मे महिन्यात संस्थान मुंबई राज्यात गेलं तेव्हा लग्न झालं होतं का, पहिलं बाळ होतं का? १९६५ च्या लढाईत काचांना काळे कागद कुणी लावले? माझ्या आजीच्या धाकट्या बहिणीला स्वतःचं जन्मसाल सांगता आलं नाही, पण महाराज गेल्याची बातमी आली तेव्हा आपण दुसरीत होतो आणि शाळा सुटली म्हणून आनंद झाला आणि मग आईने रागावलं, हे तिला स्वच्छ आठवत होतं. त्यावरून साल काढणं सोपं.

वस्तू हातात देऊन विचारणं आणखी चांगलं. जुनी साडी, सांडशी, फोटो. फोटो दाखवताना "हे कोण?" यापेक्षा "हा काढला त्या दिवशी काय होतं?" असं विचारा. आणि त्या गप्प झाल्या तर तुम्हीही गप्प राहा. मी पहिल्या दोन भेटींत घाईघाईने पुढचा प्रश्न टाकला, आणि रेकॉर्डिंग ऐकताना कळलं की त्या काहीतरी सांगायला लागल्या होत्या.

घरातले कागद, आणि कागद नसलेले कागद

ट्रंक, माळा, देवघराचा खालचा कप्पा, जुन्या पर्स. लग्नपत्रिका, जन्मटिपणं, पोस्टकार्डं (त्यावरचे पोस्टाचे शिक्के तारीख सांगतात), बँकेची पासबुकं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या. पोथ्यांची पहिली आणि शेवटची कोरी पानं जरूर बघा. मुलांचे जन्म तिथे टिपून ठेवायची रीत होती. गुरुजींना श्राद्धाच्या वेळी दिलेली नावांची चिठ्ठी सापडली तर ती फार मोलाची. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावं घेतात, आणि आईकडच्या आजोबांचीही. ज्या घराच्या वंशावळीत एकही बाई नाही, त्याच घराच्या श्राद्धाच्या चिठ्ठीत बायकांच्या तीन पिढ्या सापडतात. नावं अर्थात सासरची.

पण बायकांचा खरा दप्तरखाना म्हणजे भांडी. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून घेतात, आणि नुसतं नाव नाही, कुणाकडून, कुणाला, कशाबद्दल आणि तारीखसुद्धा. घरातली सगळी पितळी, तांब्याची आणि जुनी स्टीलची भांडी एकदा खाली काढा. कडा, तळ, झाकणाची आतली बाजू बघा. अक्षर लागत नसेल तर त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासा, किंवा बाजूने तिरपी बॅटरी मारून फोटो काढा. घासून चकचकीत करू नका, आधीच अक्षरं झिजलेली असतात. मला आमच्या डाळीच्या पितळी डब्याच्या तळाशी टिंबाटिंबांनी कोरलेली तीन आद्याक्षरं मिळाली आणि त्याखाली "नवसारी, १९४२". आडनावाचं अक्षर आमच्या आडनावाचं नव्हतं. आजीचं माहेर नवसारीला होतं हे मला त्या दिवशी कळलं. घरात सगळे "मेहसाण्याकडची" म्हणायचे. दोन्ही खरं निघालं. पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते आणि बडोदा संस्थानाचे प्रांत एकमेकांपासून लांब विखुरलेले: नवसारी दक्षिणेला, मेहसाणा उत्तरेला, अमरेली काठेवाडात. बदल्यांमुळे भावंडं वेगवेगळ्या गावी जन्मलेली. बडोद्याच्या पुष्कळ मराठी घरांचं असंच असेल, म्हणून आजीचं एकच गाव धरून बसू नका.

फोटोंबद्दल थोडक्यात. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, आहे तसा स्कॅन करा. छोटे फोटो ६०० डीपीआयने, पाठीमागची बाजूही, कारण स्टुडिओचा शिक्का तिथे असतो. नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला. स्कॅनच्या तीन प्रती ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या गावच्या भावंडाकडे.

शके, संवत आणि सन

इथे बडोदेकर हमखास चुकतात. मराठी घरातला कागद शालिवाहन शकात, शेजाऱ्याचा किंवा दुकानदाराचा विक्रम संवतात, सरकारी कागद इसवी सनात. शकात ७८ मिळवले की सन मिळतो, पण १ जानेवारीनंतर फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवायचे, कारण शक चैत्रात बदलतो. आमच्याकडच्या दोन कागदांत साखरपुडा शके १८६५ फाल्गुन आणि लग्न शके १८६६ वैशाख होतं. वाचून वाटतं मध्ये वर्ष गेलं. दोन्ही १९४४ मधलेच, मध्ये दोन महिने.

संवताचा हिशोब गुजरातेत निराळा आहे. इथलं विक्रम संवत दिवाळीनंतर कार्तिकात बदलतं. तेव्हा कार्तिकापासून ३१ डिसेंबरपर्यंत ५७ वजा करा, जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६. एका शेजाऱ्याच्या चोपड्यात, म्हणजे हिशोबाच्या वहीत, आजीच्या साखरपुड्याच्या पेढ्यांची नोंद संवत २००० च्या फागण (फाल्गुन) महिन्यात होती. २००० उणे ५६, १९४४. दोन अनोळखी माणसांनी दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिलेलं साल जुळलं, तेव्हा मला झालेला आनंद कुणाला सांगावा तेच कळेना. तुमचे नातेवाईक इंदूर-ग्वाल्हेरकडचे असतील तर तिथल्या हिंदी कागदांत आणखी एक गोष्ट सांभाळा: तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपला भाद्रपद वद्य पक्ष त्यांच्या कागदात आश्विन कृष्ण असतो.

कागद मोडीत असेल तर घाबरू नका. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, म्हणून पहिल्यांदा सगळं एकच वळवळतं सूत वाटतं. आधी आकडे, मग महिन्यांची नावं, मग आपलं आडनाव, एवढंच ओळखायला शिका. कागद कामाचा आहे की नाही हे तेवढ्यावरून कळतं, पुढचं जाणकाराकडून वाचून घ्या.

घराबाहेर: शाळा, तलाठी, दप्तर, तीर्थ

शाळेचं जनरल रजिस्टर हा बडोदा संस्थानातल्या आजीसाठी सर्वांत भरवशाचा कागद, आणि याला कारण सयाजीराव. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लावला, मुलींनाही. त्यामुळे ज्या मुलीचं नाव घरच्या वंशावळीत नाही, ते सरकारी शाळेच्या रजिस्टरात असण्याची चांगली शक्यता असते, आणि तेही माहेरचं, वडिलांच्या नावासकट. आजी संस्थानाच्या कुठल्याही गावात वाढली असेल तर तिथली जुनी मुलींची शाळा शोधा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, तुमचं ओळखपत्र आणि नात्याचा काही पुरावा जोडा, अंदाजे चार-पाच वर्षांचा पट्टा सांगा. नुसतं "जुनं रजिस्टर दाखवा" म्हटलं की नकार मिळतो. एका ठिकाणी मला तीन वेळा परत पाठवलं. चौथ्यांदा मी सकाळच्या शाळेआधी गेलो आणि कपाटावरची धूळ झाडायला शिपायाला मदत केली.

रजिस्टरातली जन्मतारीख मात्र पुराव्यासारखी धरू नका. शाळेत घालताना वय सोयीने सांगत. खरी माहिती असते ती प्रवेशाच्या आणि शाळा सोडल्याच्या तारखेत. आजीच्या ओळीत शेवटच्या रकान्यात, शाळा सोडण्याचं कारण म्हणून, एकच शब्द होता: लग्न. त्या रकान्यात वर-खाली मुलींपुढे तोच शब्द होता. मी बराच वेळ ते पान बंद करू शकलो नाही. तिचं माहेरचं पूर्ण नाव तिथे होतं. ते मी इथे लिहीत नाही, ते घरचं आहे.

गुजरातेत मालमत्तेच्या वारसाईसाठी पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, करतात. कुटुंबातल्या कुणाच्या मृत्यूनंतर केलेला पेढीनामा घरात असेल तर त्यात विधवा आणि मुली यांची नावं असतात, कारण वारसहक्काचा प्रश्न असतो. मिळकतीच्या जुन्या हक्कपत्रकातल्या वारसा नोंदीही बघा. मृत्यूची नोंद महानगरपालिकेत मिळेल. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा आहे, त्याआधीच्या नोंदी विस्कळीत. पणजोबा संस्थानच्या नोकरीत असतील तर गुजरात राज्य अभिलेखागाराचं दक्षिण विभागाचं दप्तर बडोद्यातच आहे. संस्थानच्या 'आज्ञापत्रिके'त सरकारी हुकूम छापले जात, तीही डोळ्यांखालून घाला. तिथे बाई सापडणार नाही, पण तिच्या वडिलांची बदली सापडली तर ती कुठल्या वर्षी कुठल्या गावात होती ते कळतं.

तीर्थांवरच्या उपाध्यायांच्या वह्या आपल्याला नाशिक-त्र्यंबकेश्वरामुळे माहीत असतात. तिथे जाताना मूळ गाव, आडनाव आणि जुन्या दोन पुरुषांची नावं घेऊन जा, वही त्यावरून उघडते. बडोदेकरांनी चांदोद आणि सिद्धपूर ही गुजरातेतली तीर्थंही विसरू नयेत. सिद्धपूर संस्थानाच्याच मुलखात होतं आणि ते मातृगया मानलं जातं. आईचं श्राद्ध करायला लोक मुद्दाम तिथे जातात. तुमच्या घरातलं कुणी आपल्या आईसाठी तिथे गेलं असेल तर कुणाकडे उतरले होते ते घरी विचारा आणि त्या घरी चौकशी करा. मूळ गाव सातारा-सांगली-कोल्हापूरकडे असेल तर गावी हेळवी येतो का ते विचारा. पिढ्यांची नावं सांगणं हा त्यांचा परंपरेचा व्यवसाय. आणि आजी किंवा पणजी गुजराती घरातून आलेली असेल तर तिच्या माहेरच्यांचा वहीवंचा बारोट, म्हणजे घराण्याच्या वंशावळीची वही ठेवणारा, शोधा. आडनावाचा छापील कुलवृत्तांत असेल तर तो वापरा, पण त्यावर भिस्त ठेवू नका, मुलींच्या बाबतीत ते पुष्कळदा मुके असतात.

कागदावर मांडताना

मध्ये आजी. डावीकडे तिचे आई-वडील, त्यांचे आई-वडील, तिची सगळी भावंडं, बहिणींच्या सासरच्या नावांसकट. उजवीकडे आजोबांचं घर तसंच. खाली मुलं-मुली जन्माच्या क्रमाने, मुलीची मुलंही मुलाच्या मुलांइतक्याच जाड रेषेने. खात्री नसेल त्या रेषेवर प्रश्नचिन्ह. दत्तक असेल तर जन्मघराची रेषा तुटक आणि दत्तकघराची सलग, दोन्ही ठेवा. मी हाताने तक्ता केला आणि नंतर ग्रॅम्प्स या वंशावळीच्या मोफत संगणक-प्रणालीत भरला. सार्वजनिक संकेतस्थळावर टाकताना हयात माणसांच्या जन्मतारखा काढून टाका. आईचं माहेरचं नाव काही ठिकाणी अजूनही ओळख पटवायला विचारतात, तेही काढा.

जी मुलं जगली नाहीत त्यांनाही जागा द्या. आजीला सात बाळंतपणं झाली, आम्ही घरात पाचच मोजत होतो. बाकीच्या दोघांना नावंही ठेवली गेली नव्हती. मी तिथे "मुलगी, अकरा दिवस" आणि "मुलगा, जन्मतःच" असं लिहिलं. हे छापायच्या आधी आत्याला विचारलं. ती म्हणाली, "लिही. आई त्यांच्यासाठी दर वर्षी काहीतरी बाजूला काढून ठेवायची, आम्हाला वाटायचं गाईचा घास आहे." अशा गोष्टी विचारल्याशिवाय लिहू नका. आणि कुणी नको म्हटलं तर त्या माणसाच्या हयातीत नकोच.

चरित्र

जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ लिहायला गेलात तर तिसऱ्या पानावर अडकाल, कारण आजीच्या आयुष्यातली वीस वर्षं कागदावर "घरकाम" एवढीच असतात. त्याऐवजी एक दिवस निवडा. १९५८ मधला साधा मंगळवार. नळाला पाणी किती वाजता, दूध कुणी आणायचं, स्वयंपाक किती माणसांचा, दुपारी काय, रात्री शेवटचा दिवा कुणी घालवायचा. हे चार जणांना विचारून भरा आणि पहिलं प्रकरण तेच करा. त्या एका दिवसात तिचं वजन येतं.

तिची भाषा सुधारू नका. आमची आजी "भाजी" म्हणजे पालेभाजी आणि बाकी सगळं "शाक" म्हणायची, वहीला "चोपडी" म्हणायची. पुण्याच्या काकूंनी ते शब्द दुरुस्त करून पाठवले होते, मी पुन्हा होते तसे केले. तिचे उखाणे, शिव्या, देवाशी बोलायची पद्धत, जशीच्या तशी. पाककृती लिहिताना "वाटी" लिहून सोडू नका. तिची वाटी घ्या, पाणी भरा आणि मोजा. आमची १४० मिलीची निघाली आणि तिच्या पुरणपोळ्या आमच्याकडे इतकी वर्षं का बिघडत होत्या ते त्या दिवशी कळलं.

आम्ही अठ्ठेचाळीस पानं छापली, पंचवीस प्रती, मोठ्या टायपात, कारण वाचणारे बहुतेक ऐंशीच्या पुढचे. शेवटी चार पानं कोरी सोडली, दुरुस्त्यांसाठी. तुम्हीही सोडा. पहिली दुरुस्ती चौथ्या दिवशी आली. आजीच्या धाकट्या बहिणीचा फोन: "तो डाळीचा डबा माझा आहे. आम्हा दोघींची आद्याक्षरं एकच, म्हणून तुला कळलं नाही. मला शाळेत बक्षीस मिळाला होता. तिने लग्नात मागून घेतला, म्हणाली, तिकडे आपल्या घरचं काहीतरी असू दे." मी कोऱ्या पानावर तारीख घालून ते लिहिलं. डबा परत देऊ का विचारलं, तर म्हणाली राहू दे, फक्त त्यात डाळच ठेव.